डावी फळी

वागळे इस्टेटला, रोड नंबर बावीसवर,
बंद पडलेल्या बॉबिन कारखान्याच्या शेडमध्ये
आम्ही तेरा आठवडे अंतराळात होतो.

मी त्यात कुठे दिसत नाही.
नावांच्या पाट्यांतही शोधू नकोस,
वेळ पुरेना म्हणून शेवटची सहा नावं उडवली.
मी यानाचं दार होतो. डावी फळी.
उजवी फळी कोलशेतचा नाथा भोईर.

पुठ्ठ्याला चंदेरी रंग, खाली पडद्याचा रूळ,
कप्पीवरून आलेली दोरी आमच्या हातात.
कॅप्टन निघाला की पावलं मोजायची.
पहिल्यावर ओढलं तर घाई,
तिसऱ्यावर त्याचं नाक.
दुसऱ्यावर.
दाराचा तो सुस्कारा मागाहून भरला:
पास्कल डिमेलोच्या सायकलची हवा, व्हॉल्व दाबून.

यानही पास्कलचंच.
मिक्सरची दोन झाकणं, रॉकेलचं नरसाळं,
मोडका रेझर, बेकलाइटची बटणं,
आणि पोटाखाली, नीट पाहिलं असतंस तर, इडलीपात्र.
कॅमेरा जवळ नेऊ नका, म्हणायचा,
जवळून सगळी भांडीच असतात.

तारे म्हणजे काळं कापड,
दाभणाने पाडलेली भोकं, मागे दोनशेचा बल्ब.
लिहिणाऱ्या टिपणीसबाई नौपाड्यात फिजिक्स शिकवायच्या.
चष्मा वर करून म्हणाल्या, सप्तर्षी उलटे पडलेत.
भोकं उलट्या अंगाने पाडली होती.
नव्या कापडाला पैसे नव्हते.
बाई शिवणाच्या स्टुलावर बसल्या, चहा निवला,
आणि सकाळी कॅप्टनच्या तोंडी वाक्य आलं:
"आपण आकाशाच्या मागच्या बाजूला आलो आहोत."
इलेक्ट्रिशियनसुद्धा हलला नाही.

परग्रह तुर्भ्याच्या खाणीत.
तिथे दुपारी दीडला सुरुंगाचा भोंगा व्हायचा,
म्हणून त्या ग्रहावर सगळ्यांना दीडच्या आत मरावं लागे.
खडी फोडणारी एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली,
हेल्मेटातल्या कर्णिकांकडे बघून आम्हाला म्हणाली,
काय केलंय याने, उन्हात बांधून घातलाय?
कर्णिक जकात नाक्यावर कारकून.
हेल्मेट काढून पाणी प्यायले, तिला नमस्कार केला,
आणि पुन्हा कॅप्टन झाले.

नववा भाग मात्र सांगायचा राहिला.

यान सोडून जायचं, असा प्रसंग.
एक पाऊल. दुसरं.
मी ओढलं. नाथाने नाही.
अर्धं दार उघडं, अर्धं बंद,
रीळ संपत आलेलं, भाडं संध्याकाळपर्यंतचं.
आणि कर्णिक थांबले.
बंद फळीवर तळवा ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा,
आणि कागदावर नसलेलं बोलले:
"थकलास का रे?"

कुणी कट म्हटलं नाही.

त्या दिवसापासून यान जिवंत.
बाईंनी उरलेले चार भाग फाडून परत लिहिले,
त्याला ताप आला, त्याला घरची आठवण यायला लागली.
लोकांची पत्रं यानाच्या नावाने येत.
एका पोराने खोकल्याची गोळी पाठवली होती पाकिटातून.

नाथाला मी खूप दिवसांनी विचारलं.
म्हणाला, दोरी हातातच होती रे,
त्याच्या तोंडाकडं बघत ऱ्हायलो,
वाटलं, खरंच चाललाय.
आपण दार आहोत हेच इसरलो.

टेप महाग होत्या तेव्हा.
आमच्यावर कुठलीशी व्हॉलीबॉलची मॅच भरली.
म्हणून तुला दाखवायला काही नाही,
हा तळहात सोडून. हा घट्टा दोरीचा
की पुढल्या चाळीस वर्षांच्या पान्याचा,
आता मलाही वेगळं सांगता येत नाही.

घोडबंदर रोडच्या मॉलमध्ये तू मला नेतेस,
आणि दरवेळी दारात का घोटाळतो म्हणून चिडतेस.
पहिल्याच पावलावर उघडतं गं ते.
घाई.
मी मागे सरतो, पुन्हा येतो,
वॉचमन बघतो,
डावी मूठ आपोआप वळते.
मग आत शिरताना फळीच्या मागे जरा वाकून पाहतो.

भिंत असते.